'लिटरली दोन मिनिटांवर समुद्र': हे खोटं की नुसता जोर?

आगरातली
मंडळी, जरा न्यायनिवाडा करा. आमचा दापोली तालुक्यात छोटासा होमस्टे आहे, तीन खोल्या, मागे नारळी-पोफळीचं आगर आणि समोरची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरलं की समुद्र. जाहिरात माझ्या भाच्याने लिहून दिली, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे तो, त्याने टाकलं 'बीच लिटरली दोन मिनिटांवर'. मला चुरचुरीत वाटलं, ठेवलं तसंच.

गेल्या महिन्यात एक कुटुंब येऊन गेलं. गृहस्थ सज्जन, सुरमई आवडली, सोलकढी दोनदा मागून प्यायले, जाताना मोदक बांधून नेले. आणि घरी पोचल्यावर तीन स्टार! खाली लिहिलंय, 'समुद्र सात मिनिटं चाळीस सेकंदांवर आहे. लिटरलीचा अर्थ माहीत नसेल तर वापरू नये.' म्हणजे हा बाबा मोबाईलवर घड्याळ लावून आमची पाखाडी उतरला होता.

भाचा म्हणतो, "मावशी, वेडा आहे तो, लिटरली कोणी लिटरली घेतं का?" पहिले दोन दिवस मलाही तसंच वाटलं, शिव्या घातल्या मनातल्या मनात. पण मग विचार केला की लिटरली म्हणजे अक्षरशः, म्हणजे जे लिहिलंय ते तसंच्या तसं. 'जवळच' लिहिलं असतं तर कोण काय बोलणार होतं? दोन मिनिटं सांगायची, वर लिटरली म्हणून शिक्का मारायचा, आणि कोणी मोजलं की तो वेडा? माझं मत आता पाहुण्याच्या बाजूने झुकलंय. तुमचं काय?

चाकरमान्याची पोर
काकू, भाचा बरोबर आहे आणि पाहुणा खडूस आहे. सॉरी पण हे 'आजकालच्या पोरांनी लिटरलीची वाट लावली' मी लिटरली रोज ऐकते. आजकालची पोरं कुठली, इंग्रजीत हा शब्द असा जोर द्यायला वापरल्याचं उदाहरण १७६९ सालचं सापडतं, फ्रान्सिस ब्रूक नावाच्या बाईंच्या कादंबरीत. १७६९ म्हणजे इकडे थोरले माधवराव पेशवे होते! मार्क ट्वेनचा टॉम सॉयर आठवतोय का, १८७६ चा? कुंपण रंगवायचं काम पोरांच्या गळ्यात मारतो आणि दुपारपर्यंत 'लिटरली' संपत्तीत लोळायला लागतो. संपत्ती काय, तर बारा गोट्या, एका डोळ्याचं मांजराचं पिल्लू आणि दोरीसकट मेलेला उंदीर. आता या ढिगात तो लोळत होता का खरोखर? त्या उंदरावर? नाही ना. वाचणाऱ्याला कळतं. जेम्स जॉइसनेही १९१४ मध्ये एका गोष्टीची सुरुवातच अशी केलीय की मोलकरणीचे धावून धावून लिटरली पाय तुटले. तेव्हा कोणी तिचे पाय मोजायला गेलं नाही.

पेन्शनर मास्तर
तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, गुहागरात असतो, त्यामुळे न बोलणं शक्य नाही.

पोरीने दिलेले दाखले बरोबर आहेत. पण थोर लेखकाने केलं म्हणून चूक बरोबर होते का? ट्वेन विनोद करत होता, होमस्टेची जाहिरात लिहीत नव्हता. आणि त्या काळीही ओरडणारे होतेच. ॲम्ब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाने १९०९ मध्ये चुकीच्या वापराची यादीच काढली, त्यात लिटरली आहे. १९२६ मध्ये इंग्रजी शब्दवापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने इंग्रजांना यावरूनच झापलं.

मूळ बघा. लॅटिनमध्ये लिटेरा म्हणजे अक्षर. त्याच्यावरून लेटर, त्याच्यावरूनच लिटरेचर. लिटरल म्हणजे अक्षराला धरून. चौदाव्या शतकाच्या शेवटी हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो मुख्यतः धर्मग्रंथाच्या अर्थाबाबत, की या वचनाचा रूपकातला अर्थ घ्यायचा की अक्षराप्रमाणे घ्यायचा. म्हणजे गंमत अशी की 'हे रूपक नाही हां' एवढंच सांगायला जो शब्द आणला, तोच आता रूपकाच्या कपाळावर टिळ्यासारखा लावतात. पहारेकऱ्यानेच चोराला कडी काढून दिली.

ऑक्सफर्डने २०११ मध्ये डिक्शनरीत जोर देण्याचा अर्थ नोंदवला, दोन वर्षांनी पेपरवाल्यांच्या लक्षात आलं आणि मग गदारोळ. डिक्शनरीवाल्यांचा दोष नाही, ते पंचनामा करतात, गुन्हा नाही करत.

सुकट
सात मिनिटं चाळीस सेकंद 😂😂 त्यातली चाळीस सेकंद तरी चप्पल शोधण्यात गेली असतील

रत्नांग्रीकर
मुळात लिटरली हवाच कशाला? अक्षरशः हा नितांतसुंदर शब्द घरात असताना शेजाऱ्याकडे वाटी घेऊन का जायचं? आमच्या रत्नागिरीत सावरकर १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते, भाषाशुद्धीचं काम त्यांनी इथेच बसून केलं. दिनांक, महापौर हे शब्द आज कोणाला परके वाटतात का? 'समुद्र अक्षरशः दोन मिनिटांवर' असं लिहिलं असतं तर हा घोळच झाला नसता.

सुकट
दिनांक फॉर्मवर. कोर्टात अजून तारीखच पडते.

आगरातली
@रत्नांग्रीकर अहो मग पाहुण्याने अक्षरशःचा अर्थ काढला असता, पाखाडी काय आखूड झाली असती का?

चाकरमान्याची पोर
@रत्नांग्रीकर काका तुमच्याच वरच्या पोस्टमध्ये बघा, 'नितांतसुंदर', तो पण नुसता जोरच. आणि वाटी घेऊन जायचंच नसेल तर आधी हापूस परत करा, तो अफोन्सो नावाच्या पोर्तुगीज साहेबावरून आलाय. पगार पण पोर्तुगीज. आणि कोकणाचं म्हणाल तर मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगडाजवळच्या पोंभुर्ल्याचे, १८३२ चं त्यांचं 'दर्पण' एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी असं निघायचं. दोन्ही भाषा शेजारी बसवायची सवय आपल्याला तेव्हापासूनची आहे.

रत्नांग्रीकर
शेजारी बसवल्या होत्या. एकीच्या ताटात दुसरीने हात घातला नव्हता.

पेन्शनर मास्तर
हा मात्र षटकार.

पण रत्नांग्रीकर, तुमचा अक्षरशःही धुतल्या तांदळासारखा नाही हो. रोजचं बोलणं आठवा. 'अक्षरशः रडकुंडीला आलो.' 'त्याने मला अक्षरशः पळवून पळवून मारलं.' 'गर्दीचा अक्षरशः महापूर.' वर्तमानपत्रात तर महापूर काय, सागर, त्सुनामी सगळं अक्षरशः येतं. यात कुठलं अक्षर आणि कसलं शः? लिटरलीचा आणि अक्षरशःचा रोग एकच, दोघांनी एकमेकांकडून घेतलेला नाही, तरी एकच.

यातली खरी चटका लावणारी गोष्ट म्हणजे आपला शब्द. क्षर म्हणजे झिजणारं, नाश पावणारं. अ-क्षर म्हणजे जे झिजत नाही ते. आणि झिजला कोण, तर अक्षरशः!

बँकेतला बापू
मास्तर +१. आमच्याकडे मात्र तो अजून झिजलेला नाही. चेकवर एक ओळ असते, अंकी आणि अक्षरी. अंकात कोणी ५०,००० लिहिलं आणि अक्षरी पाच हजार फक्त, तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १८ प्रमाणे अक्षरी रक्कम खरी धरायची. काउंटरवर आम्ही बहुतेक वेळा चेक परतच करतो ती गोष्ट वेगळी, पण कायदा अक्षराच्या बाजूने आहे. आकड्याला एक शून्य चिकटवायला काय लागतं, अक्षरात कशी खाडाखोड करणार?

म्हणून सांगतो, ताई, तुमचा पाहुणा बँकेतला असणार. तुम्ही त्याला 'अक्षरी दोन मिनिटं फक्त' लिहून दिलंत आणि वटला नाही.

आगरातली
😄 बाउन्स झाला म्हणा की. चार्जेस पण लागले, दोन स्टार.

झील मालवणचो
गे बाय, आमच्या मालवणात ह्यो वाद व्हवचोच नाय. हयसर 'ह्यां काय, बाजूकच' म्हटला काय समजाचा एक किलोमीटर. 'ह्यां काय, जरा फुडे' म्हटला तर रिक्षा करूची. आणि 'पाच मिनटात येतंय' म्हटला तर तेचो अर्थ माणूस अजून न्हाणयेत आसा. कोणी रागावता काय? कोणी स्टार कापता काय? ऐकणाऱ्याक ठाव आसता. लिटरली बिटरली मुंबयकारांची भानगड.

पेन्शनर मास्तर
झिला, तुझं 'येतंय' इंग्रजांनीही केलंय. सून हा शब्द घे. जुन्या इंग्रजीत सोना म्हणजे ताबडतोब, त्याच क्षणी. मग शतकानुशतकं इंग्रज 'आलोच' म्हणत राहिले आणि आले नाहीत, तेव्हा सूनचा अर्थ झाला थोड्या वेळाने. मग ताबडतोबसाठी दुसरा शब्द लागला, प्रेझेंटली. तोही घसरला, त्याचाही अर्थ झाला होईल हळूहळू. भाषा कुठलीही घे, उशीर करणारा माणूस तोच.

आणि खरेपणाच्या शब्दांचंही असंच. व्हेरी हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या खरा या अर्थाच्या शब्दावरून आलाय, मूळ लॅटिन व्हेरुस. जुना इंग्रज कवी चॉसर आपल्या सरदाराला व्हेरी म्हणतो तेव्हा त्याला 'फार' नाही, 'खराखुरा' म्हणायचंय. आज व्हेरी गुड म्हणताना कोणाला सत्य आठवतं? रिअलीचं तेच. आपलं 'आईशप्पथ' बघा, एकेकाळी आईची शपथ घालताना जीभ अडखळायची, आता वडापाव चांगला निघाला तरी आईशप्पथ.

चाकरमान्याची पोर
सर, थँक यू, तुम्ही माझीच केस मांडलीत! व्हेरीबद्दल कोणी रडत नाही मग लिटरलीबद्दल का? आणि आम्ही मराठीत 'भयंकर छान' म्हणतो, 'मरणाचं हसलो' म्हणतो, तेव्हा भय कुठे असतं, मरण कुठे असतं. जोर द्यायला माणूस घरातला सगळ्यात जड दगड उचलतो, तो वापरून गुळगुळीत झाला की दुसरा शोधतो. यात खोटेपणा नाहीये. लिटरलीने मी फॅक्ट नाही सांगत, मी किती पेटलेय ते सांगते.

केळशीची
इतका वेळ नुसती वाचत होते. एक अनुभव सांगते, चर्चेला धरून आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

३ जून २०२०, निसर्ग वादळ. तुमच्यातल्या दापोली-मंडणगडवाल्यांना सांगायला नको. सकाळपासून वारा, मग तो कसला वारा, आवाजच नुसता, घरातलं बोलणं घरात ऐकू येईना. आम्ही पाचजण आणि एक गाय, माजघरात. आधी पडवीचे पत्रे गेले. मग मधल्या घराची कौलं, एक एक नाही, पाखंच्या पाखं, पत्त्यांचा डाव कोणी उधळावा तशी. डोक्यावर बघितलं तर आभाळ. पोफळी तर वाडीत उभी अशी एक राहिली नाही, कडाकड मोडत होत्या, सासरे मोजत होते आणि मग त्यांनी मोजायचं थांबवलं.

वीज नाही, रेंज नाही. तिसऱ्या दिवशी टेकडीवर चढून भावाला मुंबईला फोन लागला. तुटक तुटक. मी म्हटलं, "दादा, घर अक्षरशः उडालं रे." तो म्हणाला, "हो गं, टीव्हीवर दाखवत होते, आमच्याकडे पण अक्षरशः झोडपलं, बाल्कनीतल्या कुंड्या पडल्या." मी पुढे काही बोललेच नाही. काय बोलणार? माझ्याकडे त्याच्या पलीकडचा शब्दच नव्हता. खरं सांगायला जो शब्द होता तो त्याने कुंड्यांना वापरून टाकला होता. चार दिवसांनी फोटो गेले तेव्हा तो पत्रे घेऊन टेम्पोतून आला, दारात उभा राहून रडला.

जोर द्या, हवा तेवढा द्या. पण गरज पडेल तेव्हा हातात काय राहणार ते पण बघा.

सुकट
...

चाकरमान्याची पोर
ताई, वाचून काटा आला. खरंच. (हा खरंच खरा आहे.)

तरी एक बोलू का, रागावू नका. यात शब्दाचा दोष कमी आणि दादांचा जास्त नाही का? त्यांनी शब्द ऐकला पण आवाज नाही ऐकला. टेकडीवर चढून तीन दिवसांनी बहीण फोन करते म्हणजे काहीतरी झालंय हे कळायला हवं होतं. आणि तुम्ही अक्षरशः न म्हणता 'दादा, डोक्यावर छप्पर नाही, आभाळ दिसतंय' म्हटलं असतंत तर?

केळशीची
आवाजच तर तुटत होता गं. शब्दच काय ते पोचत होते, तेही अर्धे. समोरासमोर बोलताना तुझं म्हणणं मला पटतं, हातवारे असतात, चेहरा असतो. पण फोनवर, चिठ्ठीत, जाहिरातीत नुसता शब्दच जातो, मागून तुम्ही जात नाही समजवायला.

छप्पर नाही, आभाळ दिसतंय हे म्हणायला हवं होतं, हे मात्र बरोबर. तेव्हा सुचलं नाही. ओल्या साडीत उभी होते.

रत्नांग्रीकर
माझं शुद्धीचं म्हणणं मी सोडत नाही, पण केळशीच्या ताईंपुढे तो वाद क्षुल्लक आहे हे मान्य. शब्द देशी की विलायती यापेक्षा तो वटतो का हे आधी.

बँकेतला बापू
वटतो हा शब्द माझा आहे, रॉयल्टी.

पेन्शनर मास्तर
मीही थोडा मागे येतो. वर्गात मी लिटरलीवर लाल पेन मारायचो आणि स्टाफरूममध्ये येऊन म्हणायचो, पोरांनी आज लिटरली डोकं खाल्लं. तेव्हा पोरीशी भांडण्याचा मला फारसा अधिकार नाही. मात्र एक भेद धरतो. ज्या वाक्यात कोणी मोजू शकत नाही तिथे लिटरली खपतो, डोकं किती खाल्लं हे कोणी वजनकाट्यावर टाकत नाही. ज्या वाक्यात आकडा आहे तिथे लिटरली शेजारी उभा केला की तो साक्षीदार होतो, शपथेवर. दोन मिनिटं हा आकडा आहे. भाच्याने तिथे मार खाल्ला.

चाकरमान्याची पोर
आकडे तरी कुठे खरे असतात सर, 'हजारदा सांगितलं' म्हणते ना आई. पण ओके, पत्त्याच्या आणि पैशाच्या बाबतीत नाही वापरणार. बाकी ठिकाणी लिटरली माझाच.

झील मालवणचो
आगरातली बाय, तू 'हाकेच्या अंतरावर' लिव. ताबडतोब पाच स्टार.

सुकट
कोणाच्या हाकेच्या? आमच्या आजीची हाक हर्णैच्या लिलावात बसून आंजर्ल्याला ऐकू जायची

आगरातली
झालं, जाहिरात बदलली. काल संध्याकाळी ऊन उतरल्यावर मीच मोबाईल घेऊन निघाले, सासूबाई दारातून विचारतायत आता कुठे, म्हटलं समुद्र मोजायला. उतरताना सहा मिनिटं दहा सेकंद, आणि मी काही पळत नव्हते, मध्ये शेजारणीने दोन शब्द विचारले तेवढी थांबले. वर येताना साडेनऊ, पाखाडीला बावन्न पायऱ्या आहेत हे मला तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. म्हणजे दोन मिनिटं कुठल्याच बाजूने नव्हती. भाचा म्हणतो त्याने गुगल मॅपवर सरळ रेषेत बघितलं होतं. सरळ रेषेत माडाच्या शेंड्यावरून कावळा जातो, पाहुणा नाही.

आता असं लिहिलंय: 'समुद्र चालत उतरताना सहा-सात मिनिटं, चढताना दहा, पाखाडीला ५२ पायऱ्या. रात्री खिडकी उघडी ठेवली तर खोलीत गाज ऐकू येते.' गाजेचं मी स्वतः तिन्ही खोल्यांत झोपून तपासलं. मधल्या खोलीत पंखा बंद करावा लागतो, तेही लिहू का?

त्या पाहुण्यांना पण उत्तर टाकलंय की तुमचं बरोबर होतं, पुढच्या वेळी आलात की सोलकढी आमच्याकडून. अजून काही बोलले नाहीत.

झील मालवणचो
पंख्याचा लिव. आणि बाय, ता सहा मिनटा धा सेकंद चपला घालून की अनवाणी, ताय लिव. नायतर परत येतलो तो घड्याळ घेवन.